'गाडीत राहणे' याला नेमका शब्द कोणता?

दूरदेशी: इथल्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय, लॉस एंजेलिसमध्ये गाडीत रात्र काढणाऱ्या बेघरांवर. १९८३च्या पालिका नियमात रस्त्यावर उभी केलेली गाडी राहायला वापरायची बंदी होती. मी लिहिलं, 'गाडीत राहण्यास मनाई'. संपादककाकांनी खोडून 'वाहनात वास्तव्य करण्यास मनाई' केलं. वाचताना पंचनामा वाटतो. दुसरं काही सुचवा.

जुनी ओसरी: काकांना खटकलं ते बरोबर, उपाय चुकला. 'राहणे' फार ऐसपैस आहे. छत्री गाडीत राहते, काम राहून जातं, आत्या सांगलीला राहते. मनाई यातल्या कशाला? आणि 'वास्तव्य' थोरामोठ्यांचं. 'या वास्तूत अमुक यांचे वास्तव्य होते' अशी संगमरवरी पाटी लागते.

दूरदेशी: अहो, कोर्टातही हाच घोळ झाला! २०१४मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने तो नियम मोघम ठरवून रद्द केला. एकाला तर पाऊस होता म्हणून गाडीत बसल्याबद्दल पोलिसांनी धरलं होतं. सामान भरून सहलीला निघालेलं कुटुंब कुठलं आणि घर गेलेला माणूस कुठला, हे नियम वाचून कळेचना.

लाल डबा: सरळ 'मुक्काम' घ्या. वडील एसटीत कंडक्टर होते. वस्तीची गाडी असली की पारापाशी लावायची, ड्रायव्हरकाका टपावर, वडील आत मधल्या वाटेत सतरंजी टाकून. पहाटे साडेपाचला डबल बेल. गाडीत झोपायचे, पण राहायला आम्ही नाशकातच.

जुनी ओसरी: तुमच्या शेवटच्या वाक्यानेच 'मुक्काम' बाद झाला. मुक्कामाला मागे घर लागतं. माझं मत 'बिऱ्हाड'ला. आमच्या वाड्यात नवा भाडेकरू आला की टांग्यातून आधी स्टोव्ह, मग पातेली, मग गाद्यांची वळकटी उतरायची. खोली कसली का असेना, स्टोव्ह पेटला की बिऱ्हाड थाटलं.

दूरदेशी: थांबा, थांबा. २०१७पासून लागू केलेल्या नव्या नियमात हीच यादी होती! उशी, पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, झाकलेल्या काचा, आत झोपणं, रांधणं. यातल्या एकाहून जास्त गोष्टी दिसल्या आणि एकंदर रागरंग तसा वाटला, की माणूस गाडीत राहतो असं धरायचं. निवासी रस्त्यांवर रात्री ९ ते सकाळी ६ मनाई, शाळा-बागांपासून एका ब्लॉकच्या (दोन चौकांमधल्या अंतराच्या) आत दिवसरात्र, अशी ती होती.

लाल डबा: म्हणजे पालिकेने वकील बसवून बिऱ्हाडाची व्याख्या केली. पण 'विंचवाचं बिऱ्हाड' आठवून लोक हसतील, त्याचं काय?

जुनी ओसरी: हसू दे. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवर चूल, कोंबड्या, पोरं सगळं असतं. त्यालाही आपण बिऱ्हाडच म्हणतो, कोणी हसत नाही.

खोडरबर: 'बेघर'वर कोणीच बोललं नाही. सिएटलमध्ये एका कारागिराचा ट्रक ७२ तासांहून जास्त एका जागी उभा म्हणून उचलून नेला. हत्यारं त्यात, अंथरूण त्यात. २०२१मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ट्रक त्याचं घर मानला. मग त्याला बेघर कसं म्हणायचं? बिनछपराचा म्हणावं तर टप आहे.

दूरदेशी: याला माझ्याकडे उत्तर नाही. लेखात 'बेघर'च ठेवते, तुमचा ट्रक मात्र घेते. नियमाच्या वाक्यात 'गाडीत बिऱ्हाड करण्यास मनाई'. आता शेवटचं. सांता बार्बरात २००४पासून अशा लोकांना चर्चच्या वगैरे आवारात रात्रीपुरती गाडी लावू देतात, सकाळी हलवायची. 'सुरक्षित पार्किंग' लिहिलं तर वाटतं गाडी चोरांपासून सुरक्षित.

जुनी ओसरी: 'वाहनतळ'मध्ये तळ आहेच की. तळ पडतो, तळ उठतो. 'रात्रतळ' म्हणा.

लाल डबा: 'मुक्कामतळ'! सकाळी हलायचंच आहे ना? इथे तरी माझा मुक्काम चालवून घ्या.