सोडतीत घर लागले, पण कर्ज मिळत नाही: काय करावे?

डोंबिवलीकर: २० टक्के सर्वसमावेशक योजनेतील, म्हणजे खासगी गृहप्रकल्पांत कमी उत्पन्न गटांसाठी राखून ठेवलेल्या घरांपैकी, एक घर म्हाडाच्या सोडतीत माझ्या धाकट्या भावाला लागले. भाऊ रिक्षा चालवतो आणि वहिनी घरून पोळीभाजीचे डबे देते. दोघांचे मिळून उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असल्यामुळे अत्यल्प उत्पन्न गटातून अर्ज केला होता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोडतीसाठी चालला. बँकेला मात्र तो चालत नाही. वहिनीने डब्यांच्या हिशेबाची वही सोबत नेली होती, ज्यात कोणाचा डबा कोणत्या दिवशी बंद होता हेही लिहिलेले आहे, पण अधिकाऱ्यांनी ती उघडूनही पाहिली नाही. ज्यांच्यासाठी ही घरे राखून ठेवली, त्यांच्याजवळ वेतनचिठ्ठी नसणार हे शासनाला ठाऊक नव्हते का? जाणकारांनी मार्ग सुचवावा.

गृहकर्ज विभागातील निवृत्त कर्मचारी: आपला प्रश्न रास्त आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त १.८० लाखांचे व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. परंतु आधी कर्ज मंजूर झाले तरच त्या अनुदानाला अर्थ आहे. माझ्या मते त्याहून मोलाची तरतूद म्हणजे अल्प उत्पन्न गटांच्या गृहकर्जांसाठीचा पतहमी निधी (कर्ज थकले तर बँकेला भरपाईची हमी देणारा), जो १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी करण्यात आला. आपण शाखेत या हमीबद्दल लेखी विचारणा करावी, कारण तोंडी विचारले की तोंडीच नकार मिळतो. दोघांनीही प्राप्तिकर विवरणपत्र भरावे, कर लागत नसला तरी. मात्र त्यातील आकडे म्हाडाला दिलेल्या उत्पन्नाशी जुळलेच पाहिजेत. डब्यांचे पैसेही आजपासून वहिनींच्या खात्यात जमा होऊ द्यावेत.

सोलापूरचा वाचक: माझ्या आईने ४० वर्षे विड्या वळल्या. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला एकटीने बँकेत उभे राहणे किती जड जाते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच आमच्याकडे कुंभारीच्या रे नगरमध्ये कामगारांनी एकत्र येऊन ३० हजार घरांचा प्रकल्प मागितला, त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील पहिल्या १५ हजार घरांचे वाटप झाले. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे घरामागे अनुदान मिळूनही उरलेल्या रकमेची जुळवाजुळव कामगारांनाच करावी लागली. आपल्या इमारतीतील इतर विजेत्यांपैकी कितीजण याच अडचणीत आहेत, हे आधी पाहा आणि सर्वांनी मिळून एकच अर्ज बँकेकडे व म्हाडाकडे द्या.

डोंबिवलीकर: आभारी आहे. अशा सहा कुटुंबांचा पत्ता लागला असून त्यांतील दोघे फेरीवाले आहेत. म्हाडाकडे घराचे पैसे भरण्याच्या मुदतवाढीचा आणि बँकेकडे पतहमीचा असे दोन्ही अर्ज सोमवारी सर्वांच्या सह्यांनिशी देत आहोत, आणि वहिनीची वही त्याला जोडणार आहोत.