बोटीवर सॅटेलाइट इंटरनेट घ्यायचंय, कुठला सेट घेऊ?

अनुकूल_वारा:
नमस्कार मंडळी. 11 मीटरची शिडाची बोट आहे, मी आणि बायको दोघंच असतो. पुढच्या सीझनला चार-पाच महिने सलग बोटीवरच राहायचंय आणि माझं काम ऑनलाइन असल्यामुळे रोज एखादा व्हिडिओ कॉल असतोच, शिवाय हवामानाच्या फाइल्स लागतात. बहुतेक वेळ किनाऱ्याच्या आसपास, पण मधे आठ-नऊ दिवसांचा खुल्या समुद्राचा एक टप्पा आहे. बॅटरी 12 व्होल्ट 200 अँपिअर-तास, लेड अॅसिड. सोलर 200 वॅट. दुकानदार घुमटवाली व्हीसॅट (घुमटात फिरणारी मोठी सॅटेलाइट डिश) घ्या म्हणतो, मित्र म्हणतो स्टारलिंक मिनी (सॅटेलाइट इंटरनेटची छोटी डिश) घे, आणखी एक जण म्हणतो इरिडियमशिवाय (सॅटेलाइट फोनची सेवा) जाऊच नको. कोणाचं ऐकू?

खारा_दोर:
स्पीड नंतर बघा, आधी बॅटरी बघा. लेड अॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही म्हणजे तुमच्या हातात खरे 100 अँपिअर-तासच आहेत आणि त्यातच फ्रिज, दिवे, ऑटोपायलट. मिनी साधारण 25 ते 40 वॅट खाते, 30 धरा, चोवीस तास चालू ठेवली तर 720 वॅट-तास, म्हणजे 60 अँपिअर-तास झाले! मोठी स्टँडर्ड डिश 75 ते 100 वॅटची, तिला दिवसाला 150 ते 200 अँपिअर-तास लागतील, तुमची अख्खी बॅटरी एका दिवसात संपली. मिनी कामापुरती आठ तास लावलीत तर 20 अँपिअर-तासांत भागतं आणि ते तुमचं सोलर आरामात भरून काढेल, पॅनेलवर शिडाची सावली नसेल तर. मिनी 12 व्होल्टवर थेट चालते, इन्व्हर्टर मधे घालू नका, तो स्वतःच करंट खातो. आणि सेटिंगमधे बर्फ वितळवण्याचं हीटिंग असतं ते बंद करा.

व्हीसॅट तुमच्यासाठी नाही असं माझं स्पष्ट मत. त्याचं सॅटेलाइट 35,786 किमीवर, सिग्नल जाऊन यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो, कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात. स्टारलिंकचे 550 किमीच्या आसपास आहेत, तिथे हा त्रास नाही. शिवाय घुमटाच्या आत मोटरवर फिरणारी डिश, वजन बरंच, एवढ्या बोटीवर ते उंचावर ठेवायचं म्हणजे बोट उगाच जास्त डोलणार.

नांगर_टाकला:
वरचं सगळं बरोबर, पण जागेचं कोणी बोललं नाही. मी डिश केबिनच्या छतावर डोलकाठीच्या मागे लावली होती, धक्क्याला बांधलेली असताना एकदम मस्त. नांगरावर गेलो आणि कॉल दर थोड्या वेळाने तुटायला लागला. मला वाटलं डिशच खराब आहे, कंपनीशी दोन आठवडे भांडलो. मग एका संध्याकाळी कॉल चालू असताना नुसता वर बघत बसलो तेव्हा कळलं, वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते आणि डोलकाठी नि बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) बरोबर डिशच्या आणि आकाशाच्या मधे येतात. अॅपमधे अडथळ्यांचा नकाशा दिसतो पण तो बोट एका जागी स्थिर असताना काढलेला काय कामाचा? आता मागच्या रेलिंगवर दोन मीटरच्या पाइपवर आहे, बूमच्या मागे, तेव्हापासून कॉल टिकतो. रडारच्या झोताच्या पातळीत मात्र ठेवू नका.

अजून एक, 12 व्होल्टला बारीक आणि लांब वायर वापरलीत तर चालू होतानाच व्होल्टेज पडतं आणि डिश परत परत रीस्टार्ट होते. जाड वायर घ्या. आणि डेकवरच्या जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (जोडात पाणी शिरू न देणारं) लावा, माझ्या एका प्लगच्या पिना तीन महिन्यांत हिरव्या पडल्या होत्या.

अनुकूल_वारा:
बापरे, बॅटरीचा हिशेब मी केलाच नव्हता. मग मिनी नक्की. पण त्या आठ-नऊ दिवसांचं काय? तिथे पण हीच चालेल ना?

दर्या_उलटा:
डिश चालेल, प्लॅन चालेलच असं नाही. साधा रोमिंगचा प्लॅन जमिनीवर आणि किनाऱ्याजवळ, खुल्या समुद्रात समुद्राचा डेटा वेगळा घ्यावा लागतो आणि तो महाग आहे, तेव्हा निघायच्या आधी प्लॅन बदलून घ्या. आणि जिथे जाल त्या देशात परवानगी आहे का तेही बघा, नसेल तर त्यांच्या हद्दीत सेवा बंद होते.

पण माझी कळकळीची विनंती आहे, त्या टप्प्यावर फक्त मिनीवर विसंबू नका. एक इरिडियमचं काहीतरी बरोबर ठेवाच. 66 सॅटेलाइट, ध्रुवांपर्यंत सिग्नल, आणि एल-बँड (कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी) असल्यामुळे धो धो पावसातही चालतं, जिथे स्टारलिंकचा सिग्नल पडू शकतो. स्पीडची अपेक्षा ठेवू नका, जुन्या इरिडियम गो (त्यांचं छोटं यंत्र) वर सेकंदाला फक्त 2.4 किलोबिट मिळतात, म्हणजे 100 केबीची हवामानाची फाइल यायला सहा मिनिटं तरी. पण येते. फाइल मागवताना समुद्राचा लहानसाच भाग निवडा.

ते इरिडियमचं छोटं यंत्र आणि त्याची चार्ज केलेली पॉवर बँक वॉटरप्रूफ पिशवीत, दोघांच्याही हाताला लागेल अशा जागी. वहिनींना पण वापरायला शिकवा, तुम्ही आजारी पडलात तर त्यांनाच फोन लावायचाय. ईपर्ब (संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र) मात्र वेगळाच पाहिजे, तो 406 मेगाहर्ट्झवर थेट बचाव यंत्रणेला कळवतो, त्याला प्लॅन लागत नाही, स्वतःच्या बॅटरीवर 48 तास चालतो. त्याची नोंदणी तुमच्या बोटीच्या नावावर आहे का बघा, सेकंडहँड बोटीत बऱ्याचदा जुन्या मालकाच्याच नावावर असतो.

अनुकूल_वारा:
ईपर्ब आहे, पण बोट सेकंडहँडच घेतलीये, नोंदणी आजच तपासतो. मिनी मागच्या रेलिंगवर, वायर जाड, आणि इरिडियम सेकंडहँड बघतो. नांगर_टाकला, तुमचा पाइप किती जाडीचा आहे आणि वाऱ्यात हलतो का तेवढं सांगा.

नांगर_टाकला:
दीड इंची स्टेनलेस. नुसता रेलिंगला धरलेला असताना थरथरायचा, दोन तिरके आधार दिल्यावर थांबला.