'ग्रहीय तेजोमेघ' की 'बिंबाभ्रिका'?

'प्लॅनेटरी नेब्युला'ला, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या चमकत्या वायूच्या कवचाला, मराठीत काय म्हणावं? 'ग्रहीय तेजोमेघ' लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, "कोणत्या ग्रहाचा?" आणि मरणारा तारा हा वायू फेकतो, सोडतो की टाकतो? (पुढे प्रत्येक * नंतर नवा बोलणारा.)

*

ग्रहाचा काडीचाही संबंध नाही. 1781 मध्ये युरेनस सापडल्यावर पुढच्या काही वर्षांत खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलना दुर्बिणीतून फिकट, गोल तबकड्या दिसल्या. त्या ग्रहासारख्या वाटल्या, म्हणून हे नाव. 1864 मध्ये विल्यम हगिन्स यांनी 'मार्जारनेत्र' (कॅट्स आय) या अशाच एका तबकडीचा वर्णपट पाहिला, तर मोजक्याच तेजस्वी रेषा! म्हणजे हा वायू. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

'बिंबाभ्रिका' लिहा; 'अभ्रिका' म्हणजे नेब्युला. हर्शेलना दिसलं ते बिंब, ग्रह हा अंदाज. (म्हणताना ओठ तीनदा मिटतात, हे मान्य.)

*

'तेजोमेघ' मलाही खटकतो. प्रकाश न देणाऱ्या, मागचे तारे झाकणाऱ्या धुळीच्या ढगाला मग 'काळा तेजोमेघ' म्हणायचं? 'अभ्रिका'त ही पंचाईत नाही. शिवाय बिंबाभ्रिकेचं तेज उसनं. मधला गाभा अतिनील किरण सोडतो, म्हणून वायू चमकतो. तो पांगला, गाभा निवला, की दहा-वीस हजार वर्षांत खेळ खलास.

*

क्रियापदाचं बघू. 'फेकतो' म्हटलं की स्फोट डोळ्यांसमोर येतो, आणि तो मान अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हाचा). सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो आणि त्याचे बाहेरचे थर सावकाश निघून जातात. 'कात टाकतो' तर नकोच. कात टाकून साप ताजातवाना होतो, इथे मागे उरतो श्वेत बटू, म्हणजे निवत जाणारा गाभा. मी 'थर झडतात' लिहितो.

*

झडलेलं खाली पडतं हो! हा वायू सेकंदाला 20-30 किलोमीटर वेगाने बाहेर पसरत असतो. शास्त्रज्ञ याला तारकीय वाराच म्हणतात, आणि आपल्याकडे वारा 'सुटतो'. आधी मंद वारा सुटतो, नंतर उघड्या पडलेल्या गाभ्यावरून जोराचा. तो मागून येऊन आधीच्या वायूला ढकलतो, म्हणून कवच तयार होतं.

*

'सुटतो' पटलं! मग असं करतो: 'फुगलेल्या ताऱ्यावरून वारा सुटतो, बाहेरचे थर निघून जातात आणि उघड्या पडलेल्या गाभ्याच्या अतिनील किरणांनी पेटतात.'

*

'पेटतात' नको. तिथे जळत काहीच नाही. 'उजळतात' करा.