मोह वेचायला पोट्ट्यांना न्यावं की नाही?

झाडीकर (ब्रह्मपुरी तालुका):
जंगलात आमच्या घरची चार मोहाची झाडं आहेत. कागदावर नाहीत, पण आजोबांच्या काळापासून गावानं मानलेली. चैत्रात आजी पहाटे चारला टोपली घेऊन निघायची, आम्ही मागं. रात्रभर टपटपलेली फुलं दवानं चिकट झालेली असायची, अन् वास असा की उपाशीपोटी डोकं जड व्हायचं. माझा मुलगा बारावीत आहे. त्याच्या मोबाईलमध्ये ताडोब्याच्या वाघिणींचे फोटो आहेत, पण मोहफूल अन् टोळ (मोहाचं फळ) एकाच झाडाची, हे त्याला यंदा कळलं. चल म्हटलं तर म्हणतो, "कशाला, बाबा?" ज्या जंगलानं आम्हाला पोसलं, ते यांच्यासाठी नुसतं बघायची गोष्ट झालं, तर उद्या त्यावर कुऱ्हाड पडली तेव्हा कळवळेल कोण? माझं मत स्पष्ट आहे, हंगामात चार दिवस तरी पोरांना न्यायलाच पाहिजे.

सिंदेवाहीची लेक:
दादा, मी तुमच्या पोराच्या बाजूनं. तुमच्या आठवणीत आजीची टोपली आहे, तिची कंबर नाही. माझी आई मोह सरला की तेंदूला, म्हणजे बिडीची पानं तोडायला जायची. सत्तर पानांचा एक पुडा. रात्री कंदिलापाशी बसून पुडे बांधायचे, सकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) नेऊन मोजून द्यायचे. तिच्या बोटांचा काळेपणा पावसाळा लागेपर्यंत जात नव्हता. आमच्या शेजारच्या काकूला मोह वेचतानाच वाघानं नेलं. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो म्हणतात. अन् मोह उभ्यानं वेचता येत नाही. माझा भाऊ वनरक्षक भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. त्याचं जंगलाशी नातं नाही म्हणाल का? आणखी एक. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला कोण जाळत होतं? तुमचीआमचीच माणसं. ती आग झाडाखालीच थांबत नव्हती.

झाडीकर:
पाल्याचं मान्य. आम्हीही जाळला, अन् एका वर्षी आग पार टेकडीपर्यंत गेली. ते चुकलंच. पण ताई, वनरक्षक होणारा भाऊ तरी सगळी झाडं कुणाकडून शिकला? आईकडूनच ना?

धानोऱ्याकडचा:
तुम्ही दोघंही जंगल दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बोलता आहात. आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. त्यांनी बांबूवर गावातच मजुरी उभी केली अन् तेंदूची तोड आपणहून सोडली, कारण त्यात झाड छाटलं जातं, आग लागते. मी पंचविशीतला आहे. मला मोहाच्या वासानं जंगलात नाही नेलं. ग्रामसभेत हिशेबाची वही हातात आली, कोणत्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या भागात) किती बांबू तोडायचा हे ठरवताना माझा हात वर गेला, तेव्हा जंगल माझं झालं. पोराला झाडाखाली न्यायच्या आधी सभेत न्या.

सिंदेवाहीची लेक:
हे पटतं, पण अर्धंच. आमच्याकडं बांबू कमी अन् वाघ जास्त. वहीत नाव असलं म्हणून पहाटेची भीती जात नाही. आणि झाडीकर दादा, सगळी चर्चा पोराची चालली आहे. घरात पोरगी असेल तर तिला विचारलं का? आमच्याकडं वेचायला बायाच जास्त जातात.

झाडीकर:
आहे, नववीत. तिला विचारलं नव्हतं, आज विचारलं. म्हणाली येते, पण उजाडल्यावर, पाचसहा जणं मिळून, अन् पाला न जाळता. झाडाखाली जुन्या साड्या बांधून फुलं वरच्या वर झेलायची, असं तिचं म्हणणं. उद्या दोन झाडांखाली बांधून पाहतो. मुलगा अजून नाहीच म्हणतो, अन् माझंही मत बदललेलं नाही.