‘इन-हाउस’ म्हटलं की झालं का?

चावीवाला: काल इथे एकाने लिहिलं, “मूव्हमेंट इन-हाउस नसेल तर ते घड्याळ नव्हे, ईटीएवर डकवलेलं नाव.” म्हणजे आतली यंत्रणा, मूव्हमेंट, कंपनीने स्वतः बनवलेली हवी; इतरांना तयार मूव्हमेंट पुरवणाऱ्या ईटीए या स्विस कंपनीची चालणार नाही. डोकंच फिरलं. टॅग ह्यूअरने 2009 मध्ये कॅलिबर 1887 ही मूव्हमेंट आपली म्हणून आणली. मूळ आराखडा निघाला सेइको या जपानी कंपनीचा, हक्क विकत घेतलेले. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने कबूल केलं. मूव्हमेंट उत्तम आहे, कॉलम व्हीलची, म्हणजे क्रोनोग्राफ (घड्याळातलं स्टॉपवॉच) खांब असलेल्या चाकाने चालू-बंद होतो. मग लपवायचं कशाला?

आणि ओमेगाची स्पीडमास्टर? ‘प्रोफेशनल’ मॉडेलला हाताने चावी द्यायची, क्रोनोग्राफ मूव्हमेंटमध्येच बांधलेला. ‘रिड्यूस्ड’मध्ये ईटीएच्या ऑटोमॅटिकवर दुबुआ-देप्राझ या दुसऱ्या कंपनीचं क्रोनोग्राफ मॉड्यूल वरून बसवलेलं. नाव तेच. कडेने बघा, रिड्यूस्डचा क्राउन (बाजूची चावी) दोन्ही पुशरांच्या (क्रोनोग्राफच्या बटणांच्या) रेषेत नाही, खाली बसलाय. जाहिरातीत फोटो नेहमी समोरून.

ठाणेकर: ते वाक्य माझं. मागे घेणार नाही. दोन लाख मोजून मी ईटीएची साधी 2824 मूव्हमेंट का घ्यावी?

चावीवाला: चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टरमधली 321 मूव्हमेंट लेमानिया या दुसऱ्या कंपनीची. तेही डकवलेलं नाव?

ठाणेकर: लेमानिया आणि ओमेगा तेव्हा एकाच समूहात होत्या, 1932 पासून. अभ्यास करून या.

मधुरा: 2824 गल्लीतल्या घड्याळजीलाही पाठ असते. नवऱ्याच्या ‘इन-हाउस’ घड्याळाचं एक चाक गेलं. कंपनी सुटा पार्ट देईना. घड्याळ परदेशी गेलं, सात महिन्यांनी आलं. बाबांचं एचएमटी जनता मात्र घड्याळजीने माझ्यासमोर उघडलं, साफ केलं, संध्याकाळी हातात.

ठाणेकर: एचएमटी मध्ये आणू नका. तेही सिटिझन या जपानी कंपनीच्याच आराखड्यावर.

मधुरा: हो, आणि ते कुणी लपवलं नाही! 1961 मध्ये बंगळुरात एचएमटीचं घड्याळ बनवणं सिटिझनच्या सहकार्यानेच सुरू झालं.

ठाणेकर: वडिलांच्या आठवणींनी मुद्दा सिद्ध होत नाही.

मधुरा: आठवण नाही, अनुभव आहे. बोलताना जरा सांभाळून.

बाल्कनीतला भिंगवाला: तीस वर्षं हेच काम करतोय. रिड्यूस्डचं मॉड्यूल बिघडलं की बहुतेक वेळा अख्खं बदलायची वेळ येते. ईटीएची 7750 ही क्रोनोग्राफ मूव्हमेंट कॉलम व्हीलऐवजी कॅम नावाच्या साध्या भागावर चालते, पुशर कडक लागतो, म्हणून गिऱ्हाईक तिला हलकी समजतं. मला ती टेबलावर पूर्ण सोडवून जोडता येते. विकताना हा फरक सांगतं कोण?

ठाणेकर: बरं. 1887 पुरतं मान्य, आराखडा कुणाचा ते विचारायलाच हवं. 2824 ला दोन लाख मात्र देणार नाही.

मधुरा: आणि सात महिन्यांचं काय? त्यावर कुणी बोललंच नाही.