एकच मोठी रायफल घ्यायची आहे: .३३८ की .३७५?

रानवाट:
सात वर्षं .३०-०६ ची रायफल वापरतोय, १८० ग्रेन वजनाची गोळी. हरणं, रानडुकरं झाली, तक्रार शून्य. पुढच्या मोसमाचा मूसचा (थंड प्रदेशातलं दांडगं हरीण) परवाना लागलाय आणि तीन-चार वर्षांनी आफ्रिकेत केप बफेलोला (रानरेडा) जायचं डोक्यात आहे. म्हटलं दोनदा खर्च कशाला, दोन्हीला चालेल अशी एकच घेऊ.

.३३८ विन्चेस्टर मॅग्नम हाताळली. हलकी वाटली, बोल्टही (काडतूस आत-बाहेर करायचा दांडा) ओळखीचा. मित्राच्या .३७५ एच अँड एचचे तीन बार टेबलाशी बसून काढले. तिसऱ्याला स्कोपची (नेम धरायच्या दुर्बिणीची) कडा थेट भुवईवर! दोन टाके पडलेत, पट्टी लावून हे लिहितोय. त्या गडबडीत तिन्ही गोळ्या कुठे लागल्या ते बघायचंही राहिलं. अनुभवी मंडळींनी सांगा, कोणती घेऊ?

जुनं खोड:
टाके पडले ते बरं झालं म्हणत नाही, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आधी मूसचं उरकतो. त्यासाठी नवी रायफल लागत नाही. तुझ्या .३०-०६ मधली चांगली बाँडेड (आतलं शिसं कवचाला जोडलेली) किंवा अखंड तांब्याची १८० ग्रेन गोळी दोनशे यार्डांच्या आत फुप्फुसांतून गेली की काम झालं. मूस आकाराने दांडगा, पण चिवटपणात बफेलोच्या जवळपासही नाही. गोळी खाऊन जागीच उभा राहतो आणि माणसाला वाटतं चुकली. तेव्हा दुसरी मारायला तयार राहायचं, एवढंच.

आता बफेलो. इथे तुझी-माझी आवड चालत नाही. नामिबियात बफेलोसाठी नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान ५४०० जूल लागते. झिंबाब्वेत ५.३ किलोजूल आणि शिवाय बोर, म्हणजे नळीचा व्यास, किमान ९.२ मिलिमीटर. .३३८ चा बोर ८.६, म्हणजे तिथे दारातच अडलास. जुलांचं म्हणशील तर २२५ ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फूट वेगाने सुटली तरी ५३०० च्या आसपासच. .३७५ मधून ३०० ग्रेन साधारण २५३० फुटांनी जाते, ५७०० च्या वर. १९१२ सालचं काडतूस आहे, उगाच टिकलं नाही.

धक्क्याचं लोक कागदावर मोजतात. .३०-०६ चे सुमारे २० फूट-पौंड, .३३८ चे ३३, .३७५ चे ३७ ते ४०. पण खांद्याला आकडे कळत नाहीत. हलक्या रायफलीतली .३३८ कानाखाली वाजवल्यासारखी झटकन लागते. चार किलोची .३७५ तुला ढकलते. मला दुसरी परवडते. आणि टेबलावर वाकून बसलास की अंगाला मागे जायला जागाच राहत नाही, मान पुढे येते, मग स्कोप भुवई शोधतो. उभ्याने मार. काच आणि डोळा यांत चार बोटं अंतर राहील असा स्कोप पुढे सरकव.

काहीही विकत घेण्याआधी एक कर. दुसऱ्या कुणाला तरी रायफल भरायला सांग, खऱ्या काडतुसांत अधूनमधून डमी, म्हणजे बार न होणारं खोटं काडतूस. तुला कळता कामा नये. डमीवर चाप ओढल्यावर नळी हलली, तर गोळी सुटायच्या आधीच तू दचकतोयस. मी याहून मोठी .४१६ घेतली तेव्हा स्वतःला पक्का समजत होतो. पहिल्याच डमीला डोळे घट्ट मिटून, दात आवळून उभा होतो. ती रायफल दोन वर्षं कपाटात होती.

उलटा वारा:
खोडांचं बरंचसं पटलं, पण .३३८ ला एवढं झटकून टाकू नका. बफेलो वगळला तर तिच्यासारखी कामाची रायफल नाही. गंमत म्हणजे तिची २५० ग्रेनची गोळी लांबोडकी असल्याने आत घुसण्यात .३७५ च्या ३०० ग्रेनला मुळीच हार जात नाही. मोकळ्या डोंगरात तीनशे यार्डांवर मारायचं असेल तर मी तीच उचलेन.

रानवाट, एक गोष्ट कुणी सांगत नाही. एच अँड एचचं काडतूस लांब, त्यामुळे बोल्टही जास्त मागे खेचावा लागतो. तुझ्या हाताला .३०-०६ ची सवय. घाईत बोल्ट अर्धवट खेचशील, रिकामं केस बाहेर पडेल आणि नवं काडतूस वर येणारच नाही. समोर जखमी बफेलो असताना रिकाम्या चेंबरवर चाप ओढलास तर? .३७५ रुगर बघ. २००७ चं काडतूस, ताकद तीच किंवा थोडी जास्त, पण लांबी .३०-०६ इतकीच.

आणि धक्का कमी करायला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचं भोकांचं नळकांडं) लावू नकोस, हात जोडतो. शेजारी एकाने तसला बार काढला तेव्हा माझ्या कानात इअरप्लग नव्हते. डाव्या कानात अजून रातकिडे आहेत.

जुनं खोड:
अर्धवट बोल्टचा मुद्दा शंभर टक्के. मीही केलंय, नशिबाने कागदी निशाणावर. रुगर बघायला हरकत नाही, फक्त जाशील तिथे तिची काडतुसं मिळतील याच्या भरवशावर राहू नकोस. एच अँड एचची मिळायची शक्यता जास्त.

रानवाट:
डमी करून बघितलं. मोठीवर नाही, माझ्याच .३०-०६ वर. ताईला भरायला बसवलं, दहा काडतुसांत चार डमी.

दुसरीच डमी निघाली. टक् एवढाच आवाज, आणि नळीचं तोंड गपकन खाली, चांगलं चार बोटं. ताई हसली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "तू डोळेपण मिटतोस." चारही डमींना तेच. सात वर्षं मी हेच करत आलोय आणि दोष स्कोपला देत होतो.

तर मूसला .३०-०६ च नेतोय. तोवर रोज वीस वेळा रिकाम्या रायफलीचा चाप आणि आठवड्याला दहा बार, ताईच्या हातून भरलेले. मित्राला सांगितलंय, .३७५ विकू नकोस. टाके गुरुवारी निघतील.