एकोणिसाव्या दिवशी वेग तुटतो, तेव्हा करार कोणी मोडलेला असतो?

दक्षिणवारा (मूळ धागा)

‘आलेख’ यांनी परवा येथे लिहिले की, ब्रॉडबँडचा वेग कमी झाला म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी करार वाचावा. प्लॅनच्या नावापुढे तारांकन होते, सही तुमचीच होती आणि मर्यादा ओलांडणारे मूठभर लोक शेजाऱ्यांचा वाटा खातात. ते वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी सांगलीत घरी बसून लग्नांच्या व्हिडिओंचे संकलन करते. गेल्या वर्षी दारात आलेल्या पत्रकावर ‘अनलिमिटेड, १०० एमबीपीएस’ एवढेच छापलेले होते. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. ऐन लग्नसराईत, महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी रात्री साडेनऊला वेग एकाएकी २ एमबीपीएसवर आला. दोष वायफायचा असेल म्हणून लॅपटॉपला थेट लॅनची वायर लावली, राउटरखाली फरशीवर बसून तासातासाने वेग मोजला आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवले: १.९, २.०, १.९, २.०. बिघाड असता तर आकडा वरखाली झाला असता. इतका सपाट आकडा कोणीतरी मुद्दाम बसवलेला असतो. या वेगाने ८० जीबीची फाइल पाठवायला ८९ तास लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेचार दिवस.

चौकशीअंती कळले की, या ‘अनलिमिटेड’ला १,००० जीबीची मर्यादा आहे आणि त्यात डाउनलोडइतकेच अपलोडही धरले जाते. विकलेला वेग खरोखर वापरला, तर ही मर्यादा अवघ्या बावीस तासांत संपते. मी सही केलेला कागद दाखवा म्हटले, तर तो कोणाकडेच नाही. जोडणीला आलेल्या मुलाने स्वतःच्या मोबाईलवर अर्ज भरला, माझ्या आधार कार्डाचा फोटो काढला आणि ‘झालं ताई’ म्हणून तो निघून गेला. ‘आलेख’ म्हणतात ते तारांकन मी पाहायचे होते तरी कुठे?

खाणावळीच्या पाटीवर ‘अमर्याद थाळी’ लिहायचे आणि पाचव्या पोळीनंतर वाढप्याने सांगायचे की आता तासाला अर्धी मिळेल, हे कोणत्याही गिऱ्हाइकाने खपवून घेतले नसते. शिवाय देशात नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरील सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याचा नियम असताना अशी गळचेपी चालते कशी, हाही माझा प्रश्न आहे.

आलेख

थाळीचे उदाहरण आपणच दिलेत, म्हणून त्यातच उत्तर देतो. अमर्याद थाळीत पोटभर जेवता येते, पण डबा भरून नेता येत नाही, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना वाढण्यासाठी तर मुळीच नेता येत नाही. आपण घरगुती प्लॅन घेऊन त्यावर व्यवसाय करत आहात. असे प्लॅन घरगुती वापरापुरते असल्याची अट बहुतेक कंपन्यांच्या करारात असते. म्हणजे करार आधी कोणी मोडला, याचे उत्तर आपल्याला वाटते तितके सरळ नाही.

आता हिशेब. एचडी चित्रपटाला तासाला साधारण ३ जीबी लागतात, असे धरले तरी १,००० जीबीमध्ये रोज अकरा तास टीव्ही चालवता येईल. असे घर मी तरी पाहिलेले नाही. मर्यादा सामान्य कुटुंबासाठी पुरेशी आहे. ती आपल्या धंद्याला अपुरी पडते, यात कुटुंबांना पैसे मोजायला का लावायचे? सर्वांनाच खरोखर अमर्याद द्यायचे ठरले, तर माझ्या वडिलांसारख्या माणसाचे बिल वाढेल, जे सकाळी अभंग आणि रात्री बातम्या एवढेच लावतात. पत्रकावर मर्यादा छापायला हवी होती, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडे नाही.

केबलखांब

मी सातारा जिल्ह्यात अकरा वर्षे एका कंपनीची फ्रँचायझी चालवली, म्हणून खांबावर चढणाऱ्यांची बाजू मांडतो.

फायबरचे जे जीपॉन तंत्र सर्वत्र वापरतात, त्यात एका पोर्टवर खाली येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस असते आणि स्प्लिटर (प्रकाश विभागणारी पेटी) लावून ती ६४ घरांपर्यंत वाटली जाते. चौसष्ट घरांना १०० एमबीपीएस विकले, तर एकूण मागणी ६.४ जीबीपीएस होते. हे कोणीही लपवलेले नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २००९ सालीच मार्गदर्शक सूचना दिल्या की, एका जोडणीपुरती क्षमता घरगुती असल्यास ५० आणि व्यावसायिक असल्यास ३० ग्राहकांपर्यंत वाटावी. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग ओढत नाहीत, या गृहीतकावरच हा दर परवडतो. ज्या गल्लीत एखादे घर रात्रंदिवस अपलोड करते, तिथे बाकीच्या घरांचे फोन मला यायचे, कंपनीला नव्हे.

रस्ता खोदला गेला आणि वायर तुटली, की भर पावसात एकाने छत्री धरायची आणि दुसऱ्याने डिकीवर मशीन ठेवून केसाएवढ्या काचेच्या धाग्याचा जोड मारायचा, हे मी शेकडो वेळा केले आहे. तेव्हा ‘गळचेपी’ हा शब्द मला लागला. वेग कमी करण्याचा नियम कंपनीच्या सर्व्हरवर लागतो. गल्लीतल्या ऑपरेटरच्या हातात ते बटण नसते.

अर्जदार

मी जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करते. दोन्ही बाजूंनी ठोकून विधाने झाली आहेत, म्हणून काही गाठी सोडवते.

प्रथम दक्षिणवारा यांची चूक. ८ फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा नियम वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे दर लावण्याविरुद्ध होता. २०१८ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यांत जी कलमे आली, ती मजकूर पाहून अडवणे, मंद करणे किंवा कोणाला झुकते माप देणे यांना मनाई करतात. मर्यादा संपल्यावर सगळाच वेग कमी होत असेल, तर ते या कलमांत बसत नाही. एकच व्हिडिओ सेवा किंवा फक्त टोरंट (फाइलवाटपाची पद्धत) मंद होत असेल आणि व्हीपीएन (काय चालले आहे हे कंपनीपासून लपवणारे साधन) लावल्यावर तेच पूर्ववत चालत असेल, तर मात्र संशयाला जागा आहे.

आता ‘आलेख’ यांची चूक, आणि ती अधिक मोठी आहे. सही झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे कायदा म्हणत नाही. ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशात ट्रायने सांगितले की, मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, हे कंपनीने उघडपणे जाहीर करावे, वापर ५० आणि ९० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला कळवावे आणि मर्यादेनंतरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस झाली. म्हणजे दक्षिणवारा यांना मिळालेला वेग नियमात बसतो, परंतु सूचना न देता तो लावणे बसत नाही. ताई, आपल्याला ते दोन संदेश आले होते का?

दाद कुठे मागायची, हेही सांगते, कारण लोक ट्रायला पत्रे लिहून दमतात. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही. २०१२ च्या नियमांनुसार कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा. उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे, आणि तेथे ३९ दिवसांत निर्णय व्हायला हवा. ग्राहक आयोगाचे दार २००९ च्या एका निकालामुळे दूरसंचार ग्राहकांना बरीच वर्षे बंद असल्यासारखे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे उघडले. ज्या सेवेसाठी पाच लाखांपर्यंत पैसे मोजले, तिच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते. फक्त, कराराची अटच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे राज्य आयोगाकडे जावे लागते. सांगलीच्या माणसाने २,००० रुपयांच्या प्लॅनसाठी राज्य आयोगाचे हेलपाटे घालावेत का, हा माझा जुना सल आहे.

गच्ची

हे सारे ठीक, पण पुण्यात आमच्या सोसायटीत कंपनी बदलण्याचीच सोय नव्हती, त्याचे काय? ११२ सदनिका आहेत आणि मागच्या समितीने एकाच पुरवठादाराला डक्टमध्ये (इमारतीतील वायरींच्या पोकळीत) वायर टाकू दिली. दुसरा आला की ‘भिंती खराब होतात’ असे उत्तर मिळायचे. मी चिटणीस झालो, तेव्हा जुने कागद काढले. त्या पुरवठादाराने जिन्यातील कॅमेऱ्यांची जोडणी फुकट दिली होती, एवढाच काय तो व्यवहार! त्या फुकट जोडणीची किंमत ११२ घरे दरमहा भरत होती. करारातील हक्क सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, निघून जाण्याची सोय नसेल तर ग्राहकाच्या शब्दाला वजन नसते.

केबलखांब

चिटणीसांनी अर्धीच गोष्ट सांगितली. सोसायट्याच आमच्याकडे मागण्या करतात. एका समितीने गच्चीवर पेटी बसवण्यासाठी महिन्याला ४,००० रुपये भाडे मागितले होते आणि तिथे माझे ग्राहक होते सात. मी वायर काढून घेतली. नंतर तेच सभासद मला रस्त्यात अडवून विचारायचे की, तुम्ही आम्हाला का सोडले. पुरवठादाराची मक्तेदारी म्हणून ओरडायचे आणि दाराशी नाका लावायचा, हे मला सहन होत नाही.

गच्ची

माझ्या समितीने कोणाकडूनही एक रुपया घेतलेला नाही, आणि तसे सुचवणे मला अपमानकारक वाटते. सर्वसाधारण सभेत ठराव करून मी आणखी दोन पुरवठादारांना परवानगी दिली. त्यासाठी तीन बैठका खर्ची पडल्या आणि दोन जुने मित्र बोलेनासे झाले. आपल्याला भेटलेल्या समितीचा राग माझ्यावर काढू नये.

केबलखांब

रोख आपल्यावर नव्हता. आपण ठराव केलात, ते चांगलेच केलेत. पण असे चिटणीस मला अकरा वर्षांत दोनच भेटले.

लीड्सवासी

मी मूळचा मिरजेचा, आता इंग्लंडमध्ये राहतो. इथे नियामक ऑफकॉमची एक आचारसंहिता आहे. तिच्यात सामील झालेल्या कंपनीला विक्रीच्या वेळीच किमान हमीचा वेग सांगावा लागतो. प्रत्यक्ष वेग त्याखाली गेला आणि ३० दिवसांत सुधारला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. मी तो तसा सोडला आहे, एका ईमेलवर. ही संहिता ऐच्छिक आहे, तरीही मोठ्या कंपन्या तिच्यात आहेत. आपल्याकडे ‘पर्यंत’ या एका शब्दावर सगळे तरून जाते: ‘१०० एमबीपीएसपर्यंत’. किमान किती, हे कोणी लिहितच नाही.

अर्जदार

गच्ची यांच्या प्रश्नाबाबत एवढेच सांगते की, ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम केले, परंतु मानांकन घेणे ऐच्छिक आहे. समितीने अडवले, तर आजही सर्वसाधारण सभेखेरीज जवळचा मार्ग मला दिसत नाही. कृपया मूळ प्रश्नाकडे परत येऊ या.

दक्षिणवारा

परत येते, कारण अर्जदार यांच्या प्रश्नाचे उत्तर आज सापडले. मला एकही संदेश आला नव्हता. ग्राहक सेवेला फोन करून माझ्या खात्यावरील मोबाईल क्रमांक विचारला. शेवटचे चार आकडे सांगितले गेले, ते माझे नव्हते. ते जोडणीला आलेल्या मुलाचे होते. ओटीपीची खटपट वाचावी म्हणून त्याने स्वतःचाच क्रमांक घातला होता. त्यामुळे ५० टक्क्यांचा संदेश त्याला गेला, ९० टक्क्यांचाही त्यालाच गेला, आणि माझ्या नावाने ज्या अटी ‘मान्य’ झाल्या, त्याही त्याच्याच पडद्यावर. ‘आलेख’, आपण ज्या सहीचा दाखला देत होता, ती अशी झाली आहे.

व्यवसायाचा मुद्दा मला टोचला, पण तो खरा आहे. व्यावसायिक जोडणीचा दर विचारला. तो अडीच पट आहे आणि लग्नसराईचे चार महिने मला तो पेलावाच लागेल. मात्र पहिल्याच दिवशी मला कोणी सांगितले असते, तर तेव्हाच मी तो घेतला असता. सहा महिन्यांचे पैसे आधी हातात घेऊन मग अट दाखवणे, याला मी विश्वासघातच म्हणेन.

आलेख

क्रमांकाची गोष्ट मला माहीत नव्हती. अटी दुसऱ्याच्या पडद्यावर मान्य झाल्या असतील, तर ‘करार वाचा’ हे माझे वाक्य आपल्याला लागू होत नाही, ते मागे घेतो. ज्यांच्या स्वतःच्या फोनवर अटी आल्या आणि ज्यांनी न वाचता खूण केली, त्यांच्याबाबत मात्र ते कायम आहे.

केबलखांब

हे लिहिताना जड जाते, पण लिहितो. माझ्याकडची मुलेही असे क्रमांक घालत. दिवसाला आठ जोडण्या करायच्या, प्रत्येक घरी ओटीपीसाठी थांबायला वेळ नाही, आणि मीही डोळेझाक केली. परवान्याच्या अटींनुसार फ्रँचायझीच्या अशा चुकांची जबाबदारी मूळ परवानाधारक कंपनीवर येते, म्हणून ताईंनी तक्रार त्या मुलाविरुद्ध न करता कंपनीविरुद्ध करावी. त्याची नोकरी गेली तर कंपनीचे काहीच बिघडणार नाही.

आणखी एक. अपिलात खात्याच्या लॉगची, म्हणजे कंपनीच्या संगणकातील नोंदींची, प्रत मागा. खात्याला लावलेली वेगमर्यादा कोणत्या तारखेला, किती वाजता बदलली, ते त्यात सेकंदापर्यंत नोंदलेले असते. कॅलेंडरवरचे आपले आकडे त्यापुढे ठेवा, ते जुळतील.

दक्षिणवारा

डॉकेट क्रमांक आज दुपारी मिळाला. मुलाचे नाव तक्रारीत लिहिलेले नाही. कॅलेंडरच्या पानाचा फोटो जोडला आहे आणि लॉगची मागणी वेगळ्या परिच्छेदात केली आहे. उत्तर आले की इथेच लिहीन.